टाकीखालची पोरं

आम्ही सोसायटीत राहायला जाऊन दोनेक महिने झाले असतील. मी ड्यूटीवरून परतत होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला मुलगी. पाण्याच्या टाकीपाशी आलो आणि मागून आवाज आला, "झिंगालाला हुर्र! हुर्र!" मला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ चाललाय. मुलीला तर तो आवाज आवडलाच, ती मागे वळून हसली. थोडं पुढे गेलो तर पुन्हा तेच. या वेळी तोंडावर तळहात आपटून काढलेला आवाज, आणि पाठोपाठ, "ओ मॅडम, भाला घरी विसरलात का?"

तेव्हा कळलं, खेळ आमच्यावरच चाललाय.

मी मूळची पेठ तालुक्यातली. आम्ही कोकणा, म्हणजे आदिवासी. बाची, म्हणजे वडिलांची, डोंगरउतारावर नागली-वरईची थोडी शेती, खाली ओढ्याकडे भाताची दोन खाचरं. मी आश्रमशाळेत शिकले, मग नाशकात वसतिगृहात राहून बी. ए. केलं आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. सोसायटीत आलो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चौकशी विभागात होते. दिवसभर कानाला हेडफोन आणि लोकांना नंबर सांगायचे. आश्रमशाळेतल्या बाईंनी आमची बोली अशी घासूनपुसून काढली होती, की फोनवरची माणसं मला विचारत, "ताई, तुम्ही पुण्याच्या का?" मी हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. पुढचा नंबर घेत असे.

माझा नवरा सुरगाण्याकडे ग्रामसेवक होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. दोघांच्या पगारावर कर्ज काढून आम्ही नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. समोरासमोर तीन मजल्यांच्या दोन इमारती, मधे पटांगण, पटांगणाच्या टोकाला चार खांबांवर उभी सिमेंटची टाकी. टाकीखाली सावली असायची. तिथे सोसायटीतली पोरं बसायची. सगळ्यांच्या गॅलऱ्या पटांगणाकडे तोंड करून होत्या, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, सगळं सगळ्यांना दिसायचं. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. सामान आलं त्या दिवशी सेक्रेटरींच्या मुलाने स्वतः येऊन लोखंडी पलंग वर चढवायला हात लावला. उंच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा पोरगा. तेव्हा बारावीत होता. "अजून काही लागलं तर सांगा काकू," म्हणाला. मग सोसायटीच्या कागदांवर सही करायला मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी आमचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "कुठले तुम्ही?"

"पेठकडचे."

"अच्छा," ते म्हणाले. मग जरा थांबून, सावकाश, "अच्छा, अच्छा."

त्यानंतर आठवड्याभरात टाकीखालच्या पोरांना ते माहीत झालं होतं.

मी मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. वसतिगृहात असताना याहून वाईट ऐकलं होतं. पण तिथे आम्ही पाच-सहा जणी एका खोलीत होतो, रात्री हसून घेत असू. इथे मी एकटी होते आणि मुलगी पहिलीत होती. ती खाली खेळायला जायची. एकदा परत आली ती केसात झाडाची पानं खोचलेली. मी विचारलं तर म्हणाली, "मी जंगली झाले होते. रोज मीच होते. त्यांनी सांगितलंय, मला व्हायला सोपं जातं." तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. मी तिचे केस विंचरत बसले, आणि पानं निघाल्यावरही बराच वेळ विंचरत राहिले.

उन्हाळ्यात मी गच्चीवर नागलीचे पापड वाळत घातले. नागलीचे पापड अख्खं नाशिक खातं, त्यात काही वेगळं नव्हतं. दुपारी काढायला गेले तर चादरीवर बुटांचे ठसे होते. एकही पापड सोडला नव्हता. एका ओळीत, व्यवस्थित, प्रत्येकावर पाय दिलेला. चुकून कोणी तुडवले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. कोणीतरी वर येऊन, वेळ काढून, हे शांतपणे केलं होतं.

मग जिन्यातला दिवा जाऊ लागला, फक्त आमच्या मजल्यावरचा. मग घरच्या फोनवर कॉल. उचलला की कोणी बोलायचं नाही. श्वास ऐकू यायचा, मागे कुणाचं तरी दबलेलं हसू, आणि मग बारीक आवाजात, "हुर्र." आवाज ओळखणं हे माझं रोजचं काम. तो सेक्रेटरींच्या मुलाचा आवाज होता. मी म्हणाले, "बाळा, मी ओळखलंय तुला." मग तो अगदी नम्रपणे म्हणाला, "ओळखून काय करणार?" आणि फोन ठेवला.

शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सेक्रेटरींकडे गेला. त्यांनी चहा दिला, मुलाला बोलावलं. मुलगा म्हणाला, "काका, मी तर त्यांना काकू म्हणतो." सेक्रेटरी हसले. "पोरं आहेत हो. वय आहे त्यांचं चेष्टा करायचं. तुम्ही नका मनावर घेऊ." आणि नवरा उठताना दारापर्यंत येऊन म्हणाले, "तुमच्या लोकांसाठी कायदा कडक आहे, मला माहितीये. पण सोसायटीत एकत्र राहायचं म्हणजे कायद्याची भाषा बरी नाही."

नवऱ्याने कायद्याचं नावही काढलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी सोसायटीभर झालं की आम्ही ॲट्रॉसिटी टाकणार आहोत. दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्याशी बोलताना शब्द मोजू लागल्या. समोरच्या दारातल्या काकू, वयस्कर, विधवा, एकट्याच राहायच्या. त्या दुधाची पिशवी घ्यायला माझ्याबरोबरच दार उघडायच्या. आता माझं दार लागल्याचा आवाज आल्यावर उघडू लागल्या.

दोन वर्षं अशी गेली. पोरं मोठी झाली. कॉलेजात गेली, काहींचं कॉलेज सुटलं. टाकीखाली मोटरसायकली उभ्या राहू लागल्या, सायलेन्सर काढलेल्या. बाहेरचीही दोन-चार पोरं येऊन बसू लागली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने पैसे मागितले म्हणून त्याची बरणी फोडली. एका मुलीच्या सायकलला मोटरसायकल घासली. पण हे सगळं मधूनमधून. आमचं रोजचं होतं.

आणि मग बा आला.

मे महिना होता. बा दरवर्षी आंबे उतरले की यायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तो भावाजवळ राहायचा. एसटीने पेठ नाक्यावर उतरायचं आणि तिथून विचारत विचारत शहर ओलांडून चालत यायचं, रिक्षाला पैसे घालवायचे नाहीत, हा त्याचा हट्ट. धोतर, मळकी बंडी, डोक्याला फडकं, खांद्यावर गोणपाटात रायवळ आंबे आणि नागलीचं पीठ, हातात काठी. मी त्या दिवशी सकाळच्या पाळीहून आले होते. मुलगी झोपली होती. दुपारचं ऊन असं होतं की पटांगणात कुत्रंही नव्हतं. मी गॅलरीत कपडे काढायला गेले आणि खाली डबा वाजवल्याचा आवाज ऐकला.

टाकीखाली पोरांनी गोल केला होता. मधे बा होता. गोणपाट जमिनीवर, दोन आंबे घरंगळत गटारीपर्यंत गेलेले. त्याची काठी सेक्रेटरींच्या मुलाच्या हातात होती. एक जण रंगाचा रिकामा डबा वाजवत होता.

"नाचा की आजोबा. तुमच्यात नाचतात ना? नाचा, मग काठी देतो."

बाने आजूबाजूला पाहिलं. वर पाहिलं. मला त्याने पाहिलं असेल, नसेल. मग त्याने पाय उचलला.

मी बाला नाचताना लहानपणापासून पाहिलं होतं. होळीला गावात नाच धरला की तो सगळ्यांत पुढे असायचा. कमरेतून झुकलेला, टाच अशी आपटायचा की अंगणातली धूळ उडायची. त्याला नाचताना पाहून मला वाटायचं, हा माणूस कधीच म्हातारा होणार नाही. त्या दुपारी तो फक्त पाय उचलत होता आणि ठेवत होता, तापल्या वाळूवर उभं राहिल्यासारखा. डबा जोरात वाजला की तोही जरा जोरात पाय उचले. चेहऱ्यावर काही नव्हतं.

गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली होती. समोरच्या इमारतीतलं एक जोडपं कठड्यावर कोपरं टेकून उभं होतं. कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. आमच्याच मजल्यावरच्या काकूही गॅलरीत होत्या, तोंडाला पदर लावलेला, खांदे हलत होते.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. मी "बा!" म्हणून ओरडले तसा डबा थांबला. गोल आपोआप उघडला. सेक्रेटरींच्या मुलाने काठी दोन्ही हातांनी, अगदी देवळात द्यावी तशी, पुढे केली.

"मस्त नाचतात आजोबा, मॅडम."

मी हात उचलला होता. बाने माझं मनगट धरलं. "चल पोरी. आंबे उचल," तो म्हणाला. आम्ही दोघांनी वाकून आंबे उचलले. ते पाहत उभे होते. मला माझ्या पाठीवर त्यांच्या नजरा जाणवत होत्या, आणि गॅलऱ्यांच्याही.

घरात आल्यावर त्याने पाय धुतले, पाणी प्यायला, नातीला जवळ घेतलं. मी रडत होते. संध्याकाळी मी त्याला विचारलं, "बा, तू का नाचलास? काठी फेकून द्यायची. आरडाओरडा करायचा."

तो आमच्या बोलीत म्हणाला, "त्यांनी आधी इचारलं, कोणाकडे जायचं. मी तुजं नाव सांगितलं. मग हसली. मी त्यांचे डोळे पायले. नाय नाचलो असतो, तर तुज्यामागं वर आली असती. तू एकटी हायेस, पोरगी लहान हाय. दोन पाय हलवले. त्यात माजं काय गेलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात आंबे भावाच्या हाती आले.

त्या शनिवारी नवरा आणि मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार वयस्क होते, बोलायला चांगले. सगळं ऐकून घेतलं, एक शब्दही लिहिला नाही. "बाई, ते कलम लावलं तर पोरांची आयुष्यं उठतील. नोकऱ्या मिळायच्या नाहीत. तुम्ही पण आई आहात." त्यांनी शिपायाला पाठवून सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी मुलाला घेऊन आले, बरोबर सोसायटीतली आणखी दोन माणसं. सगळ्यांनी मिळून समजूत घातली. आमची. शेवटी हवालदार मुलाला म्हणाले, "पाया पड यांच्या. पुन्हा तक्रार आली तर बघ."

मुलगा खाली वाकला. त्याचे हात माझ्या पावलांना लागले. वाकलेला असतानाच, फक्त मला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "आता बघा."

त्यानंतर सगळं थांबलं. हुर्र थांबलं, फोन थांबले, जिन्यातला दिवा रात्रभर जळू लागला. नवरा म्हणाला, "बघ, उपयोग झाला." मीही पंधरा दिवस तसंच समजून चालले.

मग माझ्या लक्षात आलं. मी बसमधून उतरले की थांब्यावर दोघं उभे असत. मी चालू लागले की तेही चालू लागत, बरंच अंतर ठेवून. बोलत नसत, शिट्टी मारत नसत. मी दुकानात शिरले तर बाहेर थांबत. पटांगणात आले की टाकीखालची सगळी पोरं उठून उभी राहत, शाळेत बाई आल्यावर राहतात तशी, आणि मी जिन्यात शिरेपर्यंत तशीच उभी राहत. कुणाला सांगणार? काय सांगणार? पोरं मला पाहून उठून उभी राहतात, अशी तक्रार कोण लिहून घेणार? मी पाळी बदलून घेतली. आठवड्याभरात त्यांना नवी वेळ कळली. एकदा मुलीला शाळेतून आणायला मला पाच मिनिटं उशीर झाला, तर ती फाटकात उभी राहून सेक्रेटरींच्या मुलाशी बोलत होती. त्याच्या हातात चॉकलेट होतं. "काही नाही काकू," तो म्हणाला. "एकटी दिसली म्हणून थांबलो. दिवस वाईट आहेत."

त्या महिन्यात मी मुलीला घोटीला नणंदेकडे ठेवलं. तिथल्या शाळेत नाव घातलं. नणंदेचं घर मोकळं, भाताच्या गिरणीजवळ, माणसांनी भरलेलं. मुलगी जाताना रडली नाही. तिने विचारलं, "मी काय केलं?" मी म्हणाले, काही नाही. तिला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं.

मग घर रिकामं झालं. मी संध्याकाळी दिवा न लावता बसायची. खाली मोटरसायकली सुरू व्हायच्या, बंद व्हायच्या.

वर्ष उलटलं असेल. एका सकाळी मी ड्यूटीला निघाले तर पटांगणात गर्दी. रबर जळाल्याचा वास जिन्यातच आला होता. आमच्या इमारतीखाली लावलेल्या सगळ्या स्कूटर-मोटरसायकली एकमेकींवर कलंडून काळ्या पडल्या होत्या. वरच्या भिंतीवर काजळीचा मोठा पट्टा आमच्या गॅलरीपर्यंत आला होता. काही दिवसांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी टाकीखाली दारू पिण्यावरून पोरांना हटकलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची स्कूटर मधोमध होती. ते तिच्यापाशी उकिडवे बसले होते. कोणी कोणाचं नाव घेत नव्हतं. सेक्रेटरींच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. टाकीखाली कोणी नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. कोणी काही पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आमच्या दारावरची बेल वाजली. नवरा घरी होता. दारात सात-आठ माणसं. समोरच्या इमारतीतलं ते जोडपं, स्कूटरवाले गृहस्थ, आणि मागे काकू. इतक्या वर्षांत आमच्या घरात यातलं कोणी आलं नव्हतं. ते सोफ्यावर, खुर्च्यांवर, काही सतरंजीवर बसले. मी पाणी आणलं. सगळ्यांनी घेतलं.

स्कूटरवाल्यांनी सुरुवात केली. "वहिनी, आता पाणी डोक्यावरून चाललंय. आज गाड्या जाळल्या, उद्या घरं जाळतील. आम्ही तक्रार दिली तर दोन दिवसांत सुटून येतील."

"मग?" नवरा म्हणाला.

"तुम्ही द्या. तुमच्या कायद्यात जामीन लवकर मिळत नाही. तुमच्यावर अन्याय तर झालेलाच आहे. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला हसू आलं आणि ते आल्याची भीतीही वाटली.

मी म्हणाले, "देते. गाड्यांचं मला माहीत नाही, मी पाहिलं नाही. माझ्या वडिलांना खाली नाचवलं, ते मी पाहिलं. ते मी लिहून देते. पण मी एकटीने नव्हतं पाहिलं. तुम्ही सगळे गॅलरीत होतात. तुम्ही साक्ष द्या. कोण देतंय?"

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आम्ही त्या दिवशी... मला वाटतं आम्ही गावाला होतो." स्कूटरवाले म्हणाले, "त्या जुन्या गोष्टी कशाला, वहिनी? मुद्दा आत्ताचा आहे."

"माझा मुद्दा तोच आहे," मी म्हणाले.

हळूहळू एकेक जण उठला. कोणी म्हणालं विचार करू, कोणी म्हणालं फोन करतो. चपला घालताना कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मी दार लावून घेतलं. नवरा म्हणाला, "असं तोडून बोलायला नको होतं." मी भांडी घासायला गेले.

थोड्या वेळाने बेल पुन्हा वाजली. काकू एकट्या होत्या. आत आल्या, पण बसल्या नाहीत.

"मी देते साक्ष," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं. पहिल्यापासून पाहिलं." मग म्हणाल्या, "मी हसले पण होते. ते पण सांगू का तिथे?"

मी म्हणाले, "सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकी सोडून थेट मोठ्या पोलीस ठाण्यात गेलो. या वेळी अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. बालाही बोलावून घ्यावं लागलं. तो आला, भावाला घेऊन, या वेळी काठी नव्हती. अधिकाऱ्यांसमोर स्टुलावर बसून त्याने सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाचवलं म्हणजे नेमकं काय केलं?" बा उठून उभा राहिला. मला वाटलं आता तो करून दाखवेल आणि मी डोळे मिटले. पण तो फक्त म्हणाला, "हे असं उभं केलं, आन् डबा वाजवला," आणि पुन्हा बसला.

सेक्रेटरींच्या मुलाला आणि आणखी तिघांना पकडलं. काही महिने ते आत होते. त्या काळात पटांगणात लहान मुलं पुन्हा खेळताना दिसू लागली. मुलीला मी तेव्हाच परत आणलं नाही. ती सुट्टीला आली की मी तिला एकटीला खाली सोडत नसे. ती आता नऊ-दहा वर्षांची होती आणि स्वतःच म्हणायची, "मला नाही जायचं."

जामिनावर सुटून आल्यावर सेक्रेटरींचा मुलगा टाकीखाली बसला नाही. घरातच असायचा. गॅलरीत उभा राहून सिगारेट ओढायचा आणि आमच्या गॅलरीकडे पाहायचा. त्याची आई एकदा दुपारी मला जिन्यात भेटली. तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. तीच म्हणाली, "तुम्ही त्याला आत ठेवलं होतं ना, ते चार महिने मी झोपले." आणि भरभर खाली उतरून गेली. तिचा मी पुढे पुष्कळदा विचार केला. त्या घरात काय चाललं होतं, ते आमच्या आधीपासून चाललं असणार.

खटला बरीच वर्षं चालला. दोन हजार सालानंतरचं जवळजवळ सगळं दशक माझ्या आठवणीत त्या कोर्टाच्या व्हरांड्यासारखंच आहे. बाक, तारीख, पुढची तारीख. काकूंची साक्ष झाली तेव्हा त्यांना चालायला वॉकर लागत होता. पोरांच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या गॅलरीतून टाकी स्पष्ट दिसते?" "दिसते." "तुम्ही चष्मा लावता?" "लावते. तेव्हाही लावला होता." "मग हे सगळं चाललं असताना तुम्ही काय केलंत?"

काकू म्हणाल्या, "हसले."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. वकील जरा गोंधळला. मग म्हणाला, "म्हणजे हा प्रकार गमतीचाच होता ना?" काकूंनी चष्मा नीट केला. मग म्हणाल्या, "मला तेव्हा गंमत वाटली. म्हाताऱ्याला नव्हती वाटली. त्याचं तोंड मला दिसत होतं."

बाकी कोणी आलं नाही. साक्षीदार म्हणून ज्यांची नावं पोलिसांनी घातली होती, ते सगळे त्या दिवशी गावाला गेलेले निघाले. तक्रार द्यायला एवढा उशीर का केला, हे मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. चौकीतली समजूत कुठेच लिहिलेली नव्हती. निकाल लागला तेव्हा सेक्रेटरी फ्लॅट विकून दुसरीकडे गेले होते, मुलगा कुठल्याशा पुढाऱ्याच्या गाडीवर असतो असं ऐकलं होतं. चौघेही सुटले. पुरावा पुरेसा नव्हता.

बा त्या दिवशी कोर्टात आला होता. आता त्याला कमी ऐकू यायचं. बाहेर आल्यावर मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मी नाचलो नाय, असं झालं का?" त्याने विचारलं.

नवऱ्याने त्याला वकिलांच्या भाषेत काहीतरी समजावलं. बाने मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला आपण काही समजावलं की तो ज्या दयेने मान हलवतो, तशी.

त्या रात्री तो आमच्याकडे राहिला, त्या मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मुलगी घोटीहून आली होती. ती आता कॉलेजात जायच्या वयाची. तिने त्याला नागलीची भाकरी करून वाढली आणि ती जाड झाली म्हणून तो हसला. काकूंना आम्ही जेवायला बोलावलं होतं. त्या आणि बा समोरासमोर बसले. ते एकमेकांशी दोन-तीन वाक्यं बोलले असतील. पाऊस यंदा कसा आहे, पेठला थंडी फार असते का, असलंच. जेवण झाल्यावर काकू उठताना हात जोडून उभ्या राहिल्या. बालाही वाटलं, आपण उठावं. तोही हात जोडून उभा राहिला. बराच वेळ ते दोघं तसेच उभे होते आणि आम्हाला काय करावं कळेना.

सकाळी मी बाला पेठच्या गाडीला सोडायला निघाले. आम्ही जिना उतरून पटांगणात आलो. टाकीखाली नवी पोरं बसली होती. मी त्यांना ओळखत नव्हते. नव्या भाडेकरूंची असतील. चौदा-पंधरा वर्षांची, पाय पसरून, हातात मोबाइल. आम्ही दिसताच त्यांचं बोलणं थांबलं. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. दोघांनीही बाच्या धोतराकडे पाहिलं.

बाने नेहमीप्रमाणे सरळ चालायला सुरुवात केली होती. मी दोन पावलं पुढे झाले, त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि बाजू बदलून त्याच्या आणि टाकीच्या मधून चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. फाटक यायला खूप वेळ लागला.